निरोप पोचेपर्यंतची जबाबदारी: प्रकल्पगटातील संवाद

कामाची माहिती ज्याला लागणार आहे त्याच्याकडे, लागण्याआधी आणि त्याला उमजेल अशा रूपात पोचवणे, याला प्रकल्पगटातील संवाद म्हणतात. गोड बोलणे, छाप पाडणे किंवा सफाईदार इंग्रजी यांचा त्याच्याशी फारसा संबंध नाही. सभा गाजवणारा माणूस गटाच्या दृष्टीने कुचकामी असू शकतो. उलट, सभेत दोन वाक्यांपलीकडे न बोलणारा ड्राफ्ट्समन गटाचा मोठा आधार ठरतो, कारण त्याने बदललेल्या प्रत्येक ड्रॉइंगची खबर त्याच दिवशी साइटवरच्या योग्य माणसाला मिळालेली असते.

रोजच्या चाकोरीतल्या कामात कोणी कोणाला काय सांगायचे हे वर्षानुवर्षांच्या सवयीने ठरून गेलेले असते. बँकेच्या काउंटरवर किंवा कारखान्याच्या पाळीत त्याचा वेगळा विचार करावा लागत नाही. प्रकल्पाचे तसे नसते. तो एकदाच होतो. त्यातली माणसे वेगवेगळ्या कंपन्यांतून आणि विद्याशाखांतून आलेली असतात, काम संपले की पांगतात. एकमेकांची सवय होईतो निम्मे काम उरकलेले असते. म्हणून जे इतरत्र सवयीने घडते ते प्रकल्पात जाणीवपूर्वक घडवावे लागते.

गट वाढला की ही अडचण माणसांच्या संख्येपेक्षा वेगाने वाढते. पाच जणांच्या गटात दोघादोघांच्या १० जोड्या होतात, दहा जणांत ४५ आणि वीस जणांत १९०. आयबीएमच्या सिस्टिम/३६० संगणकांसाठीच्या प्रचंड सॉफ्टवेअर प्रकल्पाचे प्रमुख फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ साली 'द मिथिकल मॅन-मंथ' या पुस्तकात हा हिशेब मांडला. रखडलेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात आणखी माणसे घातली तर तो अधिकच रखडतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. नव्या माणसाला काम समजावून सांगण्यात जुन्यांचा वेळ जातो आणि समजून घेण्याच्या वाटाही वाढतात. तेव्हा प्रत्येकाने प्रत्येकाला सगळे सांगत बसणे हा उपाय नव्हे. आपल्याकडची कोणती माहिती कोणाच्या कामाला लागते, हे प्रत्येक सदस्याला नेमके ठाऊक असणे हा उपाय आहे.

संवाद ही प्रकल्पप्रमुखाची जबाबदारी, अशी समजूत सर्रास आढळते. ती निम्मीच खरी आहे. प्रमुख व्यवस्था लावून देतो. पण गजांची बांधणी चुकली आहे, चाचणीतले आकडे जुळत नाहीत, पुरवठादार तारीख पाळणार नाही, या गोष्टी आधी कळतात त्या जागेवरच्या सदस्याला. त्याने त्या स्वतःजवळ ठेवल्या किंवा भलत्याच ठिकाणी सांगितल्या, तर सर्वांत हुशार प्रमुखही आंधळाच राहतो.

क्यूबेकचा पूल

कॅनडातील सेंट लॉरेन्स नदीवर क्यूबेक शहराजवळ विसाव्या शतकाच्या आरंभी लोखंडी पूल बांधला जात होता. त्याचा मधला गाळा १८०० फुटांचा, म्हणजे त्या काळी अशा प्रकारच्या पुलांत जगातला सर्वांत लांब होणार होता. सल्लागार अभियंता थिओडोर कूपर न्यूयॉर्कमध्ये राहत असे. प्रकृतीमुळे त्याचे साइटवर जाणे बंद झाले होते. पुलाचे लोखंडी काम घेतलेल्या फिनिक्स ब्रिज कंपनीची कचेरी पेनसिल्व्हेनियातील फिनिक्सव्हिल गावी होती. साइटवर कूपरचा माणूस म्हणून नॉर्मन मॅक्लुअर हा तरुण अभियंता होता. निर्णय एका गावी, कंत्राटदार दुसऱ्या गावी आणि लोखंड तिसऱ्या गावी, अशी ही मांडणी होती.

१९०७ च्या ऑगस्टमध्ये पुलाच्या खालच्या बाजूचे, दाब सोसणारे काही भाग वाकू लागल्याचे मॅक्लुअरच्या लक्षात आले. त्याने मोजमापे घेऊन कूपरला कळवली. कंपनीचे म्हणणे असे की हा बाक मुळातलाच आहे, भाग बसवण्याआधीपासूनचा. मॅक्लुअरला ते पटत नव्हते. पत्रांची ये-जा होत राहिली आणि पुलावर नवे लोखंड चढतच राहिले. २७ ऑगस्टला पुन्हा मोजले, तेव्हा एका भागातला पाऊण इंचाचा बाक सव्वादोन इंचांवर गेला होता. मॅक्लुअरने पत्र लिहिले आणि प्रत्यक्ष सांगण्यासाठी तो स्वतः रेल्वेने न्यूयॉर्कला निघाला.

२९ तारखेला तो कूपरच्या कचेरीत पोचला. कूपरला गांभीर्य तत्काळ कळले. सर्व बाबींचा विचार होईपर्यंत पुलावर आणखी भार चढवू नये, अशी तार त्याने दुपारी बाराच्या सुमारास केली. मात्र ती फिनिक्सव्हिलच्या कंपनीला केली, क्यूबेकच्या साइटला नाही. कंपनीकडून चक्रे लवकर फिरतील असा त्याचा अंदाज होता. तार फिनिक्सव्हिलला पोचली, पण तिथून साइटवर काम थांबवण्याचा आदेश गेला नाही. संध्याकाळी पाचनंतर मॅक्लुअर स्वतः तिथे पोचला, बैठक झाली आणि पुढचे सकाळी बघू असे ठरले. त्याच सुमारास, साडेपाच वाजून गेल्यावर, पुलाची दक्षिणेकडची बाजू नदीत कोसळली. त्या वेळी पुलावर असलेल्या ८६ कामगारांपैकी ७५ दगावले. त्यांत पुलांच्या उंच कामासाठी नावाजलेले काहनावाके वस्तीतले ३३ मोहॉक कामगार होते.

पूल पडला तो मुळातल्या आखणीतल्या दोषामुळे. गाळ्याची लांबी वाढवूनही पुलाच्या स्वतःच्या वजनाचा हिशेब नव्याने केला गेला नव्हता, आणि दाब सोसणारे भाग त्या मानाने कमकुवत होते. संवाद नीट झाला असता तरी पूल वाचला असता असे म्हणता येणार नाही. पण दुपारची तार थेट साइटवर गेली असती, तर संध्याकाळी पुलावर माणसे नसण्याची शक्यता होती. या प्रकरणात माहिती होती, मोजमापे होती, ती सांगणारा प्रामाणिक माणूस होता आणि ती समजणारा जाणकारही होता. ज्याच्या एका शब्दावर काम थांबले असते त्या जागेवरच्या माणसापर्यंत तेवढा तो शब्द गेला नाही. चौकशी आयोगानेही नोंदवले की, हा प्रसंग हाताळू शकेल असा एकही अधिकारी माणूस त्या दिवशी साइटच्या आवाक्यात नव्हता.

यातून प्रकल्पाच्या सदस्याने घ्यायचा पहिला धडा असा: निरोप पाठवण्याआधी तो कोणाकडे जायला हवा हे ठरवावे, आणि ते ठरवताना हुद्दा नव्हे, कृती पाहावी. साहेबांना कळवणे आवश्यक असतेच. पण उद्या सकाळी सात वाजता काँक्रीट ओतायला जो सांगणार आहे, त्याला कळले नसेल तर निरोप पोचलेला नाही. दुसरे असे की तातडीच्या निरोपाची पोच मागावी, आणि पोच येईपर्यंत आपले काम संपले असे धरू नये. 'मी मेल टाकला होता' हे वाक्य अपघातानंतरच्या चौकशीत फार वेळा ऐकू येते.

एकच आकडा, दोन मापे

नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान डिसेंबर १९९८ मध्ये निघाले आणि २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाजवळ पोचल्यावर नाहीसे झाले. यान बनवणारा गट डेन्व्हरचा, दिशादर्शन करणारा पॅसाडेनाचा. यानावरचे छोटे प्रणोदक चालले की किती धक्का बसला याचे आकडे एका गटाच्या सॉफ्टवेअरमधून दुसऱ्याकडे जात. ठरल्याप्रमाणे ते न्यूटन-सेकंदांत असायला हवे होते. प्रत्यक्षात ते पौंड-सेकंदांत जात होते. दोहोंत जवळपास साडेचार पटींचा फरक आहे. यान मंगळाच्या पृष्ठभागापासून सुमारे २२६ किलोमीटरवरून जाईल असे योजले होते. नंतरच्या गणितानुसार ते ५७ किलोमीटरपर्यंत खाली गेले होते. इतक्या खालचे वातावरण त्याला सोसणारे नव्हते.

मापांच्या या घोटाळ्याची गोष्ट सर्वांना ठाऊक असते. तिचा उरलेला भाग अधिक शिकवणारा आहे. आकडे कुठेतरी बिनसले आहेत याची शंका दिशादर्शकांना काही महिने आधीच आली होती. ती ईमेलमधून आणि बोलण्यातून व्यक्तही झाली. पण अशा शंकांसाठी ठरवून दिलेल्या नोंदपद्धतीत ती चढली नाही. नोंद झाली असती तर तिला क्रमांक मिळाला असता, ती कोणाच्या तरी नावावर पडली असती, आणि उत्तर दिल्याशिवाय बंद झाली नसती. ईमेलमधली शंका नुसतीच वाहून गेली.

आज हाच प्रकार व्हॉट्सअॅपच्या गटांत रोज घडतो. साइटवरचा फोटो, 'सर, हे बघा' एवढी ओळ, त्याखाली कोणीतरी टाकलेला अंगठा, आणि पुढच्या दहा मिनिटांत त्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छांचा थर. तो अंगठा मंजुरीचा की नुसत्या पोचेचा, हे महिन्याभराने कोणी सांगू शकत नाही. दोन निळ्या खुणांचा अर्थ संदेश उघडला गेला एवढाच. तो समजला, पटला, की त्यावर काही केले जाणार, हे त्यातून कळत नाही. व्हॉट्सअॅप वाईट नाही. गाडी आली, पाऊस सुरू झाला, पंप बंद पडला, असे निरोप त्याहून वेगाने कुठेच जात नाहीत. पण पैसा, माप, तारीख किंवा सुरक्षितता बदलणारी गोष्ट तिथे ठरली, तर त्याच दिवशी ती मेलवर, साइटच्या नोंदवहीत किंवा कामांच्या यादीत उतरवली पाहिजे. ती उतरवण्याचे काम ज्याने विषय काढला त्याचेच.

निरोप लिहावा कसा

पाणीपुरवठा योजनेतल्या एका टाकीच्या साइटवरून कचेरीत गेलेला हा निरोप पाहा: 'सर, टाकीच्या पाइपचा थोडा प्रॉब्लेम आहे, जरा बघून घ्याल का?' लिहिणाऱ्याला सगळे डोळ्यांसमोर दिसते आहे, म्हणून त्याला तो पुरेसा वाटतो. वाचणाऱ्यासमोर त्या वेळी तीन टाक्या आणि पाच साइट असतात. कोणता पाइप, अडचण काय आणि कधीपर्यंत बघायचे, यातले काहीच त्याला कळत नाही. 'थोडा' म्हटल्याने घाई नाही असाही त्याचा समज होतो.

आता तोच निरोप असा: 'टाकी क्रमांक २: तळाच्या स्लॅबमधला आउटलेट पाइप नव्या ड्रॉइंगमध्ये ३०० मिलिमीटर पूर्वेला सरकला आहे. साइटवर गज जुन्या ड्रॉइंगप्रमाणे बांधून झाले आहेत. स्लॅब गुरुवारी सकाळी ७ ला भरायचा आहे. कोणते ड्रॉइंग पाळायचे हे बुधवारी दुपारी ४ पर्यंत कळवावे. नवे पाळायचे झाल्यास गज सोडून पुन्हा बांधायला एक दिवस लागेल आणि स्लॅब शुक्रवारवर जाईल. उत्तर येईपर्यंत काँक्रीटची गाडी मागवणार नाही.' जागा, बदल, सध्याची स्थिती, हवा असलेला निर्णय, मुदत आणि निर्णयाचा परिणाम हे सारे यात आले आहे. शेवटचे वाक्य सर्वांत मोलाचे, कारण उत्तर आले नाही तर काय होईल हे त्यातून कळते. असा निरोप लिहायला पाच मिनिटे जास्त लागतात. तो न लिहिल्याने भरलेला स्लॅब फोडावा लागला, तर दिवस जातात आणि पैसाही.

महत्त्वाचे आधी लिहावे हा नियम शाळेत शिकवला जात नाही. निबंधाला प्रस्तावना लागते, कामाच्या निरोपाला लागत नाही. २००३ साली कोलंबिया अवकाशयान परतताना नष्ट झाले आणि कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. उड्डाणाच्या वेळी इंधनटाकीवरच्या फोमचा तुकडा निसटून यानाच्या पंखावर आदळला होता. यान अवकाशात असतानाच अभियंत्यांनी या धडकेबद्दल अधिकाऱ्यांसमोर सादरीकरण केले. त्यातल्या एका स्लाइडचा चौकशी मंडळाने आपल्या अहवालात खास उल्लेख केला. तिचे शीर्षक धीर देणारे होते. तळाशी, अगदी शेवटच्या ओळींत, असे होते की चाचण्यांत वापरलेला तुकडा ३ घन इंचांचा होता आणि इथे १९२० घन इंचांचा विचार करायचा आहे. म्हणजे हाताशी असलेला अनुभव प्रत्यक्ष प्रसंगाच्या सहाशे पटींहूनही खाली होता. शीर्षकात यायला हवे होते ते वाक्य तळटिपेच्या जागी बसले.

काम किती झाले हे सांगतानाही असाच घोळ होतो. '९० टक्के झाले आहे' या उत्तरावर कोणालाच पुढची आखणी करता येत नाही, आणि ते उत्तर तीन आठवडे तसेच टिकते. काय उरले आहे ते सांगणे अधिक उपयोगी: 'लॉगिन आणि यादीची पाने झाली, पैसे भरण्याचे पान बाकी, बँकेकडून चाचणीची परवानगी आलेली नाही.' उशीर होणार असेल तर तो दिसताक्षणी सांगावा. दोन आठवडे आधी कळलेल्या उशिरावर बहुधा तोड निघते. आदल्या संध्याकाळी कळलेल्या उशिरावर फक्त चिडता येते. आपल्याकडे 'होऊन जाईल सर' हे उत्तर नम्रपणाचे समजले जाते. पण ऐकणारा त्याच भरवशावर पुढच्या माणसाला शब्द देतो, आणि त्या नम्रपणाची किंमत शेवटी सगळ्या गटाला मोजावी लागते.

वरिष्ठांसमोर बोलणे

माहिती असूनही न बोलण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे भीती. नोकरी जाईल, वाईट दिसेल, आपलेच चुकत असेल तर हसे होईल अशी ती भीती असते. भारतातील कचेऱ्यांत वयाचा आणि हुद्द्याचा मान राखण्याची सवय त्यात भर घालते. मान राखूनही ठाम बोलता येते, पण त्यासाठी मत आणि वस्तुस्थिती वेगळी ठेवावी लागते. 'सर, मला जरा वेगळं वाटतंय' याला साहेब 'असू दे' म्हणू शकतात. 'सर, सेंटरिंगच्या दोन टेकूंखालची माती पावसाने खचली आहे. मी आत्ता पाहून आलो. आज स्लॅब भरू नये असं माझं मत आहे' याला तितक्या सहज बाजूला सारता येत नाही. एकदा सांगून ऐकले गेले नाही, तर परिणाम जोडून दुसऱ्यांदा सांगावे. जिवाचा प्रश्न असेल तर त्यानंतर वरच्या माणसाकडे जावे, आणि तसे जात असल्याचे आधीच्याला सांगून जावे. पाठीमागे गेल्याचा सल वर्षानुवर्षे राहतो. तोंडावर सांगून गेलेल्याबद्दल निदान आदर तरी उरतो.

बोलण्याची ही अडचण दूर करायला काही ठिकाणी ठरवून व्यवस्था केली गेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी एक तपासणीयादी प्रसृत केली. वडिलांकडून विदर्भाशी नाते असलेले अमेरिकेतील शल्यचिकित्सक अतुल गवांदे यांनी त्या कामाचे नेतृत्व केले. त्वचेला छेद देण्याआधी सर्जन, भूलतज्ज्ञ, परिचारिका अशा सर्वांनी आपापले नाव आणि काम सांगून ओळख करून द्यायची, ही त्या यादीतली एक बाब आहे. सुरुवातीला एकदा आवाज फुटलेला माणूस पुढे अडचण दिसल्यावर गप्प बसण्याची शक्यता कमी होते, असा त्यामागचा विचार आहे. दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ही यादी वापरून पाहिली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मोठ्या गुंतागुंतींचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आणि मृत्यूचे १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. यादीत निर्जंतुकीकरणापासून प्रतिजैविकांपर्यंत बरेच काही होते, त्यामुळे सगळे श्रेय ओळखपरेडला देता येणार नाही. तरीही नव्या प्रकल्पाच्या पहिल्या बैठकीत प्रत्येकाने नाव, काम आणि 'मला कोणाकडून काय लागते' एवढे सांगितले, तर पुढचे कित्येक फोन वाचतात.

सूचना घेणाऱ्यालाही काम असते. विमानतळाच्या नियंत्रण कक्षातून आलेली उंची, धावपट्टी, परवानगी वैमानिक जशीच्या तशी परत म्हणून दाखवतो आणि पलीकडचा ती पडताळतो. हीच पद्धत कोणत्याही प्रकल्पात चालते. 'म्हणजे मी असं समजतो की जुनं पान बंद करायचं नाही, नवं सुरू झाल्यावर आठवडाभर दोन्ही चालू ठेवायची. बरोबर?' या एका वाक्यात गैरसमज जागच्या जागी पकडला जातो. न समजलेले विचारल्याने कमीपणा येत नाही. न विचारता अंदाजाने केलेल्या कामात तो येतो. बैठकीच्या इतिवृत्ताचाही उपयोग यासाठीच: प्रत्येक निर्णयापुढे एका माणसाचे नाव आणि तारीख हवी. 'सर्व संबंधितांनी लक्ष द्यावे' अशा नोंदीकडे कोणीही लक्ष देत नाही.

गट दूरदूर पसरलेला असेल तर वेळेचे गणित सांभाळावे लागते. पुण्याच्या हिंजवडीत बसलेला अभियंता आणि न्यूयॉर्कमधला त्याचा सहकारी यांच्या घड्याळांत उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक असतो. अर्धवट प्रश्न पाठवला तर उलट प्रश्न येतो आणि एक दिवस जातो. म्हणून अशा प्रश्नातच पर्याय द्यावेत: 'अ पद्धत चालेल का? न चालल्यास ब करतो. उद्या सकाळपर्यंत काही आले नाही तर अ ने सुरुवात करतो.' कोणत्या गोष्टी अशा गृहीत धरून पुढे न्यायच्या आणि कोणत्या स्पष्ट होकाराशिवाय हलवायच्या नाहीत, हे गटाने आधी ठरवून ठेवले पाहिजे.

प्रकल्पाच्या मध्यावर सदस्य बदलतात तेव्हा सर्वाधिक माहिती गळते. जाणारा माणूस फाइली देतो, पण फाइलीत नसलेले त्याच्या डोक्यातच जाते: कोणता पुरवठादार तारीख पाळत नाही, कोणता निर्णय तोंडी झाला, कोणते सॉफ्टवेअर महिनाअखेरीस हात लावून चालवावे लागते. म्हणून जाणाऱ्याने अपुरी कामे, दिलेले शब्द आणि ठाऊक असलेल्या खाचखळग्यांची यादी लिहून द्यावी. ती नव्या माणसाने वाचावी, आपल्या शब्दांत परत सांगावी, आणि दोघांनी मिळून निदान दोन दिवस एकत्र काम करावे. त्यानंतरच जुन्या माणसाला मोकळे करावे.